जुन्या छताला नवा दिवा

दुकानातून आणलेल्या नव्या दिव्याच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. त्यावरच्या चित्रात छतातून तीन वायरी बाहेर आलेल्या असतात: एक तपकिरी, एक निळी, एक हिरवी-पिवळी. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, गिरगावातल्या चाळीत किंवा मडगावच्या एखाद्या जुन्या घरात सीलिंग रोजचे, म्हणजे छतावरच्या जोडणीच्या गोल डबीचे, झाकण फिरवून काढले, की दिसतात दोनच वायरी आणि त्याही सारख्याच मातकट काळ्या. त्यातली एक कधीकाळी लाल असणार. पण धूळ आणि बल्बची धग खाऊन तिचे सुती वेष्टण कधीच काळवंडलेले असते. कागद लिहिणाऱ्याने हे छत पाहिलेले नाही. त्यामुळे त्याच्या सूचना इथे अर्ध्याच उपयोगी पडतात.

दिवा बदलणे हे तसे अर्ध्या तासाचे काम. दोन स्क्रू, दोन टोके, झाले. वेळ द्यायचा तो वर काय दडले आहे ते ओळखायला. आणि ओळखताना एक गोष्ट पक्की धरून चालायची, की जुन्या घरात विझलेला दिवा काहीही सिद्ध करत नाही. बटण बंद आहे, दिवा लागत नाही, तरी होल्डरमध्ये २३० व्होल्ट शाबूत असू शकतात, आणि याला एक सोडून निदान चार कारणे आहेत.

त्याआधी कायद्याबद्दल थोडे. दिवा आपण बदलावा की वायरमन बोलवावा, या प्रश्नाचे उत्तर भारतीय वीज नियम १९५६ मधल्या ४५ व्या नियमाने देऊन ठेवले होते. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवे, असे तो म्हणत असे. अपवाद होता तो दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे बदलण्याचा, आणि तोही त्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आले, त्यांनीही हा अपवाद ठेवला. म्हणजे दिव्याच्या जागी दिवा लावायला आपल्याला मुभा आहे. छतातली वायर बदलणे, नवा पॉइंट काढणे, बोर्डापासून अर्थिंग ओढणे हे वायरमनचे काम. मला ही रेघ योग्य वाटते. अडचण एवढीच, की आपले काम रेघेच्या कोणत्या बाजूला आहे हे बऱ्याचदा झाकण उघडल्यावरच कळते.

आता ती चार कारणे. पहिले आणि सगळ्यात जास्त आढळणारे म्हणजे न्यूट्रलवर बसवलेले बटण. दिवा लागण्यासाठी फेजमधून आलेला प्रवाह दिव्यातून जाऊन न्यूट्रलने परत फिरावा लागतो. ही वाट कुठेही तोडली तरी दिवा विझतो. बटण फेजवर असेल तर वाट दिव्याच्या अलीकडे तुटते आणि होल्डर रिकामा राहतो. बटण न्यूट्रलवर असेल तर वाट दिव्याच्या पलीकडे तुटते. फेज होल्डरपर्यंत येऊन थांबलेला असतो आणि परतीची वाट आपल्या बोटांतून मिळाली तरी त्याला चालते. बटण फेजवरच असावे हा नियम जुनाच आहे. पण दोन्ही वायरी एकाच रंगाच्या झाल्यावर, पन्नास वर्षांत कोणीतरी एकदा बोर्ड बदलला, कोणीतरी भिंत सरकवली, आणि वायरींची अदलाबदल झाली. दिवा आधीसारखाच लागतो-विझतो, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. घरातले एकच बटण असे उलटे असेल तर चूक त्या बोर्डात असते. सगळीच्या सगळी उलटी निघाली तर मात्र बोर्ड उघडत बसू नये; फेज-न्यूट्रलची अदलाबदल मीटरपाशी किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीवर झालेली असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे हात घालण्याचा अधिकार वीज कंपनीच्या माणसालाच आहे.

दुसरे कारण चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचे. जुन्या मेन बोर्डावर हे पांढरे फ्यूज जोडीने बसवलेले दिसतात, एक फेजचा आणि एक न्यूट्रलचा. न्यूट्रलवर फ्यूज ठेवायला १९५६ च्या नियमांनीच मनाई केली, कारण त्यातला धोका उघड आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला किंवा कोणी उपसून काढला, की घरात अंधार होतो, पंखे थांबतात, फ्रिज गप्प होतो, आणि प्रत्येक वायरीत फेज जिवंत राहतो. एकच किटकॅट काढून खिशात टाकायचा आणि निर्धास्तपणे शिडीच्या घोड्यावर चढायचे, ही सवय ज्या घरात आहे तिथे तो काढलेला किटकॅट कोणता, हे विचारायला हवे. दोन्ही काढावेत, किंवा दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल मेन स्विच असेल तर तो पाडावा.

तिसरे कारण महाराष्ट्राने भारनियमनाच्या वर्षांत घरात आणून ठेवले. त्या काळात वाड्यांत आणि चाळींत इन्व्हर्टर शिरले. घाईने जोडलेल्या या इन्व्हर्टरांची गंमत अशी, की मेन स्विच पाडला तर त्यांना वाटते लाइट गेली. क्षणार्धात ते बॅटरीवरून पुन्हा २३० व्होल्ट तयार करून दिव्यांच्या वायरीत सोडतात. मेन बंद करणारा माणूस जिन्याखालच्या बोर्डापाशी असतो, इन्व्हर्टर माजघरात, आणि दिवा दिवाणखान्यात. म्हणून क्रम असा: आधी इन्व्हर्टरचे स्वतःचे बटण बंद, मग त्याचा आउटपुट एमसीबी असेल तर तो, मग मेन. नुसती प्लगची पिन उपसून भागत नाही. त्याने तर तो बॅटरीवर जातो. गच्चीवर सोलर बसवले असेल आणि त्याला बॅटरीची जोड असेल, तर तिथेही हाच प्रश्न विचारावा.

चौथे कारण खास आपल्याकडचे. वाड्याच्या वाटण्या झाल्या, भावाभावांनी वेगळी मीटरे घेतली, पण भिंतीतल्या वायरींची वाटणी कोणी केली नाही. मग ओटीवरच्या दिव्याचे बटण आपल्या बाजूला आणि फेज चुलत्याच्या मीटरवरून, असा प्रकार निघतो. आपण आपला मेन बंद करतो आणि छतातली वायर शेजारच्या मीटरवर सुखाने जिवंत असते. जिन्यातले दिवे, न्हाणीघर, सामाईक चौक, पडवी या जागांवर विशेष संशय घ्यावा. चाळीतही सामाईक गॅलरीचा दिवा कोणाच्या मीटरवर आहे हे आपल्या मीटरकडे पाहून कळत नाही. अशा ठिकाणी काम असेल तर शेजारच्यांना सांगून त्यांचाही मेन थोडा वेळ पाडून घ्यावा. भाऊबंदकीत तो बोलण्याचा एक प्रसंगही होतो.

याच कुळातली आणखी एक भानगड म्हणजे उसना न्यूट्रल. वायर वाचवण्यासाठी दोन सर्किटांना एकच न्यूट्रल दिलेला असतो आणि त्याचा सांधा नेमका आपल्या सीलिंग रोजमध्ये असतो. आपल्या सर्किटचा एमसीबी बंद आहे, पण दुसऱ्या सर्किटवरचा दिवा चालू आहे आणि त्याचा परतीचा प्रवाह आपल्या सांध्यातून जातो. तो सांधा उकलला, की दुसऱ्या दिव्याकडून येणारे टोक त्याच्याच मार्फत फेजला जोडलेले राहते आणि हातात येते. एवढ्यासाठी, जुन्या घरात छतावर काम करताना एकटा एमसीबी पाडून भागवू नये, पूर्ण घराचा पुरवठा तोडावा. मग उजेडाचा प्रश्न येतो, म्हणून हे काम दिवसा करावे आणि जवळ बॅटरी ठेवावी. मेन पाडल्यावर तिथे चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर घरातले कोणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणत तो वर करते.

हे सगळे झाले तरी तपासल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. तपासायला बहुतेक घरांत असतो तो स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर. त्याच्या पोटात निऑनचा छोटा दिवा आणि फार मोठा रोध असतो, आणि फेजचा अत्यल्प प्रवाह आपल्या बोटातून, अंगातून जमिनीकडे गेला की तो दिवा उजळतो. उपकरण गुणी आहे, पण त्याच्यावर लोक फाजील विश्वास टाकतात. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर तो मंदावतो, दुपारच्या उन्हात उजळलेला दिसत नाही, आतला दिवा गेलेला असला तर तो प्रत्येक वायर सुरक्षित असल्याचे सांगतो. न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असेल आणि दिवा होल्डरमध्ये असेल, तर फेज दिव्यातून फिरून दुसऱ्या वायरीवर येतो आणि टेस्टर दोन्ही वायरींवर उजळतो. ‘दोन्हीत फेज आहे’ असे सांगत माणसे चक्रावतात ती इथेच. शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे तुटक्या वायरीवर नुसता भासमान दाब चढतो, त्यावरही टेस्टर मिणमिणतो.

म्हणून जुने वायरमन टेस्ट लॅम्प बाळगतात: एक होल्डर, एक साधा बल्ब, दोन लांब वायरी, टोकाला झाकलेले खिळे. भासमान दाबाने बल्ब लागत नाही, खऱ्या फेजने लागतो. पण त्यालाही आंधळेपणाने मानू नये. त्याला परतीची वाट लागते, आणि न्यूट्रल तुटलेला असेल तर फेज असूनही तो काळाच राहतो. टेस्टर आणि टेस्ट लॅम्प एकमेकांच्या उणिवा झाकतात. तपासण्याची रीत मात्र दोघांना सारखी: आधी चालू असलेल्या सॉकेटवर हत्यार उजळते का ते पाहायचे, मग पुरवठा तोडून छतातल्या वायरींवर, बटण चालू आणि बंद दोन्ही स्थितींत तपासायचे, आणि मग पुन्हा एखाद्या खात्रीच्या फेजवर, म्हणजे मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला किंवा शेजाऱ्यांच्या घरातल्या सॉकेटवर, ते अजून शाबूत आहे याची खात्री करायची. शेवटची पायरी सगळेच गाळतात. टेस्टर मधल्या वेळात स्टुलावरून पडून बिघडला, तर तेवढ्यावरून घात होतो.

इतकी काळजी कशासाठी, त्याचा हिशोब सोपा आहे. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर किंवा थोड्या जास्त प्रवाहावर चालतो. दिव्यांच्या सर्किटवरचा एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नाही. माणसासाठी असते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ती सतत पडताळते आणि फरक पडला की पुरवठा तोडते. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेल्या माणसाला तीही वाचवू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. शिवाय छतावरच्या कामात झटका लहान असला तरी माणूस दचकून घोड्यावरून खाली येतो, आणि हाड मोडते ते जमिनीवर. घोडा लाकडाचा किंवा फायबरचा असावा, अ‍ॅल्युमिनियमचा नको. खाली धरायला एक माणूस असावा आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक असावे.

वीज नाही याची खात्री झाली, की खरे काम सुरू होते आणि ते डोळ्यांचे आहे: वर कोणत्या काळाचे वायरिंग आहे ते ओळखायचे. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी सुरू झाली, १९१५ मध्ये खोपोलीची टाटांची जलविद्युत आली, आणि तेव्हापासून आपल्या घरांच्या छतांवर वायरिंगचे थर चढत गेले. सगळ्यात जुने म्हणजे सागवानी केसिंग-कॅपिंग: लाकडात दोन खाचा, त्यांत रबराच्या वायरी, वर लाकडी झाकणपट्टी. मग आले पट्टी वायरिंग, लाकडी पट्टीवर ओळीने ठोकलेल्या पत्र्याच्या क्लिपांत धरलेल्या वायरी. कडीपाटाच्या घरांत ते अजून सर्रास दिसते. त्यानंतर भिंतीत गाडलेले पाइप. एकाच वाड्यात ओटीवर पहिला, माडीवर दुसरा आणि नव्या संडासात तिसरा प्रकार मिळणे नेहमीचे. जुने वायरमन आजही ‘३/२२ ची वायर’ असे बोलतात. २२ गेजचे तीन पदर असा त्याचा अर्थ. हे बोलणे कानावर आले, तर वायर चौरस मिलिमीटरमध्ये मोजायला लागण्याच्या आधीची आहे असे समजावे.

रबराच्या वायरीशी वागताना फार हळू राहावे लागते. वर्षानुवर्षे उष्णता आणि हवा खाऊन ते रबर वाळलेल्या पापडासारखे होते: जागचे हलवले नाही तोवर अखंड, वाकवले की तुकडे. आणि सगळ्यात जास्त वाळलेला भाग नेमका होल्डरच्या मागचा वीतभर असतो, कारण तिथे ६० किंवा १०० वॅटच्या बल्बने काही दशके धग दिलेली असते. बंद काचेच्या गोळ्यात बल्ब असेल तर विचारूच नका. इथे लोकांचा एक समज उलटा आहे. नव्या दिव्याचा भार जुन्या वायरीला झेपेल का, अशी चिंता ते करतात. ६० वॅटच्या जागी ९ वॅट, किंवा चोकसकट पन्नासेक वॅट खाणाऱ्या ट्यूबच्या पट्टीच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी आली, तर भार कमीच होतो. वायरीला नवा दिवा मारत नाही. तो बसवताना केलेली ओढाताण मारते. झाकण काढल्यावर रबराचा भुगा पडला किंवा तांबे उघडे दिसले, तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. थोडे मागे कापून चांगले रबर मिळते का पाहावे, आणि तिथेही ते तडकत असेल तर झाकण पुन्हा लावून वायरमनला बोलवावे. तो मेगर लावून ५०० व्होल्टवर वायरीचे इन्सुलेशन मोजेल. ते किमान १ मेगओहम भरायला हवे. मोजण्यापूर्वी सगळे एलईडी दिवे सर्किटमधून काढायला त्याला सांगावे, नाहीतर ते जातात.

दुसरा घोटाळा अ‍ॅल्युमिनियमचा. तांबे बाहेरून आणावे लागे आणि परकीय चलनाची चणचण होती, त्या दशकांत आपल्याकडे घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी मोठ्या प्रमाणावर पडल्या. हा धातू तापला की तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि हवा लागली की त्यावर विजेला अडवणारा पापुद्रा चढतो. तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच, सांधा सैल होतो आणि तापतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या घरांत हीच गोष्ट आगींचे कारण ठरली. तांब्याची वायर आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर एकमेकींना पीळ देऊन बांधणे हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार, आणि नव्या दिव्याचे शेपूट तांब्याचे असल्याने तो मोह नेहमी होतो. ओळखायचे कसे? पांढरी दिसली म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच, असे नाही. रबरातल्या गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून जुन्या तांब्याला कथिलाचा मुलामा देत, तेही पांढरे दिसते. पात्याने टोक खरवडावे: आत तांबूस निघाले तर तांबे, खोलवर पांढरेच राहिले आणि दोन-तीनदा वाकवल्यावर तुटले तर अ‍ॅल्युमिनियम. ते निघाले, तर दोन धातू एकमेकांना न भिडता वेगवेगळ्या स्क्रूखाली धरणारा, दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर लागतो. तो बसवणे वायरमनवर सोपवावे, आणि घरात बाकीचे सांधेही तसेच आहेत का ते त्याच खेपेला पाहून घ्यावे.

रंगांबद्दल जास्त बोलायला हवे, कारण इथे शिकलेली माणसेच फसतात. आपल्या घरगुती वायरिंगमध्ये लाल हा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. तीन फेजच्या घरात लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज. पण बाजारातल्या बहुतेक नव्या दिव्यांच्या शेपटाला तपकिरी रंग फेजचा आणि निळा न्यूट्रलचा असतो. म्हणजे छतातून आलेली निळी वायर फेज असू शकते आणि दिव्याची निळी न्यूट्रल आहे. ‘निळ्याला निळी’ जोडून मोकळे होणाऱ्याने काय केले ते उघड आहे. ब्रिटनमध्येही लाल-काळ्याची जागा तपकिरी-निळ्याने घेतली ती २००४ ते २००६ दरम्यान, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांत दोन्ही पिढ्यांच्या वायरी एकत्र नांदतात. न्यू जर्सीत जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला तर आणखी सावध राहावे लागते. तिथे काळी वायर म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल. इथल्या सवयीने काळीला न्यूट्रल समजणारा माणूस तिथे थेट फेज पकडतो. जुन्या घरात रंग हा अंदाज आहे, पुरावा टेस्टरचा. फेज कोणता ते सापडले, की त्यावर लाल टेपचा एक वेढा देऊन ठेवावा. पुढच्या माणसाचे निम्मे काम होते.

होल्डर आणि जुन्या पट्टीला दोनच वायरी पुरत होत्या. आता आपण आणतो ते पितळेचे झुंबर, स्टीलचा लटकता दिवा, पत्र्याची पट्टी; त्यांना अर्थिंगचा स्क्रू असतो आणि छतात अर्थच नसतो. मग त्या हिरव्या-पिवळ्या टोकाचे काय करायचे? बहुतेक जण ते कापून टाकतात. काही महाभाग ते न्यूट्रलला जोडतात, आणि ते कापण्यापेक्षाही वाईट. न्यूट्रल ज्या दिवशी मागे कुठेतरी तुटेल, त्या दिवशी दिव्यातून फिरून आलेला फेज झुंबराच्या पितळेवर येऊन बसेल, आणि ते पुसायला कोणीतरी हात लावेल. नळाच्या पाइपला अर्थ जोडणे हाही तसलाच प्रकार. एका मजल्यावरचा दोष दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पोचतो. दोन सरळ वाटा आहेत. बोर्डापासून अर्थची वायर ओढून घ्यावी, आणि बोर्डापर्यंत तरी खरा अर्थ आला आहे का ते आधी तपासावे. ते जमत नसेल, तर धातूचा दिवाच घेऊ नये. चौकोनात चौकोन अशी खूण असलेले दुहेरी इन्सुलेशनचे दिवे मिळतात, त्यांना अर्थ लागत नाही. घरमालक-भाडेकरूच्या वादात अडकलेल्या वाड्यात दुसरी वाट जास्त व्यवहार्य आहे, मग झुंबर कितीही आवडलेले असो.

आरसीसीबी नसेल तर याच निमित्ताने मेनवर बसवून घ्यावी. अर्थ नसलेल्या घरातही ती काम करते. एक मात्र होते: पहिल्या पावसाळ्यात ती वारंवार पडते, कारण ओल धरलेल्या भिंतीतून जुन्या वायरी थोडा थोडा प्रवाह गळत असतात. मग कोणीतरी ‘ही कटकट नको’ म्हणून ती बाजूला काढून सरळ जोडणी करतो. हे करणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नये. पडणारी आरसीसीबी कुठेतरी गळती आहे हे सांगत असते. एकेक सर्किट बंद करून पाहिले, की अर्ध्या तासात जागा सापडते.

सांध्यांचे फार सांगण्यासारखे नाही. पीळ देऊन टेप गुंडाळणे सोडून द्यावे. टेपचा गोंद काही वर्षांत सुकतो आणि ती उलगडते. चिनी मातीचा किंवा प्लास्टिकचा स्क्रू कनेक्टर, नाहीतर हल्ली मिळणारे खटक्याचे कनेक्टर वापरावेत. तांबे बाहेर दिसता कामा नये, आणि जोडल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी. रबराची वायर असेल तर ओढणेही बेताने.

वजनाबाबत कडीपाट फसवतो. वरून सगळे लाकूड एकसारखे दिसते, पण कड्यांवर टाकलेल्या फळ्या पातळ असतात आणि त्यांवर माती नाहीतर कोबा. स्क्रू फळीत घेतला तर दिव्यासकट फळीचा चुरा हातात येतो. तो कडीत किंवा तुळईतच जायला हवा. गर्डर आणि कमानीच्या छतात जुने लाकडी ठोकळे ठोकून बसवलेले असतात, ते वाळवीने आतून पोकळ झालेले निघतात; आधी एक जोराचा झटका देऊन पाहावा. वायरीवर वजन टांगू नये. हलक्या लटकत्या दिव्यालासुद्धा सीलिंग रोजच्या झाकणाच्या आत वायरीला गाठ असते ती याचसाठी. ओढ गाठीवर येते, स्क्रूखालच्या टोकांवर नाही. झुंबर असेल तर पंख्याचा हूक वापरावा, आणि तोही किती गंजला आहे ते पाहून.

ट्यूबच्या पट्टीत चोक तसाच ठेवून एलईडी ट्यूब बसवायची असेल, तर ट्यूबवर छापलेली आकृती पाहावी. काही ट्यूबना चोक चालतो आणि स्टार्टरच्या जागी सोबत दिलेला खोटा स्टार्टर बसवावा लागतो. काहींना चोक काढूनच टाकावा लागतो. फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला घेणारी ट्यूब चालू पुरवठ्यावर बसवताना एक टोक होल्डरमध्ये आणि दुसऱ्या टोकाच्या पिना बोटाखाली, अशी स्थिती येते. पुरवठा तोडल्याशिवाय ती फिरवू नये. माझे मत विचाराल तर, पट्टी पूर्ण बदलणे स्वस्त आणि बिनघोर.

झाकण बसले, हात पुसले, खालच्या माणसाला मेन आणि मग इन्व्हर्टर सुरू करायला सांगितले. दिवा लागला, तरी अजून दोन गोष्टी पाहायच्या राहतात. धातूचा दिवा असेल तर त्याच्या अंगावर टेस्टर टेकवून पाहावा; तो उजळला तर ताबडतोब पुरवठा बंद करून दिवा उतरवावा. मग रात्री, खोली काळोखी करून, बटण बंद असताना दिवा मिणमिणतो का ते पाहावे. एलईडीला इतका कमी प्रवाह पुरतो, की जुन्या बल्बने कधीच दाखवली नसती अशी गळती तो दाखवतो. बटणावर छोटा लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा प्रवाह हे त्याचे निरुपद्रवी कारण असू शकते. इंडिकेटर नसलेले बटण बसवल्यावर मिणमिण थांबते. लांबून समांतर आलेल्या वायरींमुळेही असे होते. पण इंडिकेटर नसताना एलईडी मिणमिणत असेल, तर बटण बंद ठेवून होल्डरच्या टोकांवर टेस्टर लावावा. स्पष्ट उजळला, तर बटण न्यूट्रलवर आहे, आणि घरातले तेवढेच बटण उलटे असेल, तर ते फेजवर घेण्यासाठी बोर्ड उघडावा लागेल.